ग्लासातली सोया मेणबत्ती: एक मेण, एक ग्लास, एक सुगंध आणि तीन वाती

घरात समई लागत असेल तर मेणबत्तीचा अर्धा अभ्यास झालेलाच आहे. वात जास्त सारली की ज्योत मोठी होते आणि काजळी धरते, कमी सारली की मिणमिणते आणि शेवटी तेलात बुडून विझते. ग्लासातल्या मेणबत्तीतही हेच घडतं. फरक इतकाच की इथे तेल थिजलेलं असतं आणि ज्योतीने ते आधी वितळवायचं, मग वातीतून वर ओढून जाळायचं. समईची वात मधेच सारता येते. मेणबत्तीची वात मात्र मेण ओतण्याआधी एकदाच ठरते, आणि ती चुकली तर ग्लास संपेपर्यंत चुकलेलीच राहते.

म्हणून नवशिक्याने पहिला खर्च दहा सुगंध आणि सुंदर बरण्यांवर करू नये. एकच मेण, एकाच मापाचे तीन ग्लास आणि एकच सुगंध घ्यावा. बदलायची ती फक्त वात. तिन्ही ग्लासांत तीन जाडीच्या वाती लावल्या की पंधरा-वीस दिवसांत जे समजतं, ते एकेक मेणबत्ती वेगवेगळी करून वर्षभरातही समजत नाही.

मेण

सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट केलं की सोया मेण तयार होतं. वनस्पती तूप बनतं तीच ही प्रक्रिया, फक्त आणखी पुढे नेलेली. ग्लासात ओतायचं सोया मेण साधारण ४६ ते ५२ अंश सेल्सिअसला वितळतं. ते इतकं मऊ असतं की भांड्याबाहेर स्वतःच्या बळावर उभं राहत नाही. उभ्या, साच्यातल्या मेणबत्त्यांसाठी मिळणारं सोया मेण वेगळं असतं. ते थंड होताना आकसतं, म्हणजे साच्यातून अलगद सुटतं, पण ग्लासात वापरलं तर कडेपासूनही तसंच सुटतं. पिशवीवर ‘कंटेनर’ लिहिलेलं पाहूनच घ्या.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: वितळण्याचं तापमान, सुगंध जास्तीत जास्त किती टक्के पेलतं आणि ओतण्याचं सुचवलेलं तापमान. त्याच्याकडे माहितीपत्रक नसेल तर ते मेण कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. ‘सोया’ नावाखाली पॅराफिन किंवा खोबरेल तेलाचं मेण मिसळलेले प्रकारही विकले जातात. मिश्रण वाईट असतं असं नाही, पण काय जाळतो आहोत ते माहीत हवं, कारण त्याची वात वेगळी लागते.

नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ४६ अंशांना वितळणारं मेण त्या हवेत, बंद गाडीत किंवा कुरिअरच्या खोक्यात लोण्यासारखं होतं आणि वात कलते. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी ५० च्या वरचं मेण शोधावं आणि शिकण्याची सुरुवात शक्यतो दिवाळीनंतर करावी.

ग्लास

सरळ भिंतींचा, आतून ७ सेंटिमीटर व्यासाचा, जाड काचेचा आणि उष्णता सोसण्यासाठी बनवलेला ग्लास निवडा. या व्यासाला एक वात पुरते. ९-१० सेंटिमीटरच्या पुढे दोन वाती लावाव्या लागतात, आणि तो हिशोब नंतरचा. पोट मोठं आणि तोंड लहान अशी बरणी टाळा. वर उष्णता कोंडते, ज्योतीला हवा पुरत नाही आणि काजळी धरते. दांड्याचे नाजूक ग्लास, तडा किंवा ओरखडा असलेली काच, चहाचे पातळ कटिंग ग्लास यांपैकी काहीही नको. तासन्‌तास पेटती ज्योत पोटात ठेवण्यासाठी ते बनलेले नसतात.

पणती, कुल्हड आणि करवंटी फोटोत छान दिसतात. पण चकाकी न दिलेली माती सच्छिद्र असते. पातळ झालेलं मेण तिच्यात मुरून बाहेर झिरपतं आणि तेल प्यालेली कड स्वतःच वातीसारखी पेटू शकते. करवंटी तर कोकणात न्हाणीच्या चुलीतलं सरपण आहे. तिच्यात जळती वात ठेवू नये, एवढंच.

बाकी साहित्य

एक ग्रॅमपर्यंत अचूक डिजिटल काटा (०.१ ग्रॅमचा मिळाला तर उत्तम), दांडी बुडवता येईल असं स्वयंपाकाचं थर्मामीटर, चोच आणि मूठ असलेला ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा मग, त्याहून मोठं पातेलं, सिलिकॉनचा चमचा आणि सांडशी. मग, चमचा आणि थर्मामीटर पुन्हा स्वयंपाकात वापरायचे नाहीत. बंदुकीसारखं लांबून मापणारं थर्मामीटर फक्त मेणाचा पृष्ठभाग मोजतं आणि चमकदार भांड्यावर चुकतं, म्हणून मेणासाठी दांडीचंच हवं.

वाती सुती, आधीच मेण पाजलेल्या आणि खाली पत्र्याची चकती बसवलेल्या घ्या. सोया मेणासाठी ‘सीडी’ आणि ‘इको’ या मालिका बाजारात सहज मिळतात. दोन्हींत आकडा वाढेल तशी वात जोरदार होत जाते. विक्रेत्याच्या तक्त्यात आपल्या व्यासासमोर जो आकडा असेल तो, त्याच्या एक खालचा आणि एक वरचा, अशा तीन घ्या. तक्ता हा अंदाज असतो. आपलं मेण आणि आपला सुगंध त्याला माहीत नसतो. चकती तळाला चिकटवायला उष्णतेत न सुटणारे गोल स्टिकर आणि वात मधोमध धरायला मध्ये भोक पाडलेली आइस्क्रीमची काडी, म्हणजे झालं. दोन कपड्यांचे चिमटेही चालतात.

सुगंध

मेणबत्तीसाठी म्हणून विकलं जाणारं तेलच घ्या. बेकरीच्या इसेन्समध्ये, गुलाबपाण्यात पाणी किंवा अल्कोहोल असतं. ते मेणात मिसळत नाही आणि वातीपाशी तडतडतं. डिफ्यूझरची काही तेलं पाण्यात विरघळणारी असतात, अंगाला लावायच्या अत्तराचा आधारही दर वेळी वेगळा असतो. शंका असेल तर चमचाभर पातळ मेणात दोन थेंब टाकून ढवळा. तळाशी मणी होऊन बसले तर ते तेल मेणाचं नाही.

सुरुवात मेणाच्या वजनाच्या ६ टक्क्यांनी करा. मेण १० टक्के पेलतं म्हणून १० टक्के घालणं ही सर्वांत महागडी चूक आहे. जास्तीचं तेल मेणातून सुटून वर थेंब धरतं, वात चोंदते, ज्योत मंदावते आणि शेवटी दरवळ उलट कमीच होतो. सुगंध नेहमी वजनाने मोजा, मिलिलिटरने नाही. दालचिनी-लवंगेसारखी तेलं जड असतात, संत्र्याची हलकी. एकाच झाकणात दोघांचं वजन वेगळं भरतं. ‘फ्लॅश पॉइंटच्या वर मेण तापलं असेल तर सुगंध उडून जातो’ हेही डोक्यातून काढा. फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगी मिळाल्यास पेट घेऊ शकते ते तापमान. वास टिकण्याशी त्याचा संबंध नाही. मात्र अशा वेळी जवळ उघडी ज्योत नको, म्हणून सुगंध गॅस बंद करून, मग ओट्यावर उतरवूनच घाला.

रंग पहिल्या खेपेला नको. खाण्याचा रंग पाण्याचा असतो, तो मिसळत नाही. खडूच्या रंगांतली भुकटी आणि चमकी वातीत अडकते. सुक्या पाकळ्या तर मेणात दुसरी वात ठेवल्यासारख्या असतात.

हिशोब

रिकामा ग्लास काट्यावर ठेवून शून्य करा. मेण जिथपर्यंत हवं तिथपर्यंत, म्हणजे काठाच्या दीड सेंटिमीटर खाली, पाणी भरा. समजा पाणी १८० ग्रॅम भरलं. पातळ सोया मेण पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ०.८६ ने गुणा: १५५ ग्रॅम. हे मेण आणि सुगंध मिळून. तीन ग्लासांना ४६५ ग्रॅम लागतील. मगाला थोडं चिकटून राहतं, तेवढं धरून ४५० ग्रॅम मेण आणि त्याच्या ६ टक्के, म्हणजे २७ ग्रॅम सुगंध घ्या. एकूण ४७७. नंतर ग्लास पूर्ण कोरडे करा. तळाशी राहिलेला पाण्याचा एक थेंबसुद्धा पेटल्यावर तडतडतो.

ओतणी

१. ग्लास साबणाने धुऊन, कोरडे करून तळ स्पिरिटने पुसा आणि स्पिरिट पूर्ण उडू द्या. बोटांचा तेलकटपणा राहिला तर स्टिकर सुटतो आणि मेणही काच सोडतं. चकतीला स्टिकर लावून वात बरोबर मध्यावर दाबा. अर्धा सेंटिमीटर जरी बाजूला गेली तरी एक कड जास्त तापते आणि दुसरीकडे मेण तसंच राहतं. वात ताठ ओढून काडीच्या भोकात अडकवा, पण इतकी ओढू नका की चकती उचलेल.

२. पातेल्यात दोन-तीन इंच पाणी उकळून आच मंद करा आणि त्यात मेणाचा मग ठेवा. थेट आचेवर मेण कधीही ठेवू नका. तळ कुठल्या क्षणी किती तापला ते कळत नाही. पाण्यात ठेवलेलं मेण शंभराच्या वर जात नाही, हीच या पद्धतीची सुरक्षितता. पण पातेल्यातलं पाणी आटू देऊ नका आणि मगात वाफेचे थेंब पडू देऊ नका.

३. मेण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवा. त्याच्या फार वर, फार वेळ ठेवलं तर पिवळट होतं. मग उतरवा, बाहेरून पुसा, काट्यावर ठेवून शून्य करा आणि २७ ग्रॅम सुगंध घाला. घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं ढवळा. चमचा सावकाश, तळाला लावून फिरवा. फेटल्यासारखं ढवळलं तर हवा शिरते. ३० सेकंदांत काम आटोपलं तर सुगंध तळाशी बसतो आणि पहिला ग्लास बिनवासाचा, तिसरा उग्र अशी विभागणी होते.

४. आता थांबा. बहुतेक कंटेनर सोया मेणं ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान ओततात. माहितीपत्रकातला आकडा असेल तर तोच खरा. ओतण्याआधी पंखा बंद करा. पंख्याखाली वरचा थर आधी थिजतो, आतलं मेण नंतर आकसतं आणि खड्डा पडतो. थंडीच्या दिवसांत, विशेषतः डिसेंबर-जानेवारीत, ग्लास हेअर ड्रायरने कोमट करून घ्या. गार काचेवर मेण आदळलं की आडवे पट्टे उमटतात.

५. ग्लास काट्यावर ठेवून प्रत्येकी १५५ ग्रॅम ओता. बारीक धार, वातीच्या बाजूला. ग्लास एकमेकांपासून चार बोटं दूर ठेवा, नाहीतर मधल्या बाजूची उष्णता अडकून तिथली काच वेगळी दिसते. पुढचे बारा तास हलवायचं नाही, फ्रिजमध्ये ठेवायचं नाही.

थिजल्यावर काडी काढून वात ५ मिलिमीटरवर कापा. तळाला कागदी टेप लावून त्यावर तारीख, मेण, सुगंधाचा टक्का, वातीचा आकडा आणि ओतण्याचं तापमान लिहा. आज लक्षात राहील असं वाटतं. महिन्याने तीन सारखेच पांढरे ग्लास समोर असतात.

आवराआवर करताना मेणाचा मग मोरीत किंवा सिंकमध्ये धुवायचा नाही. गरम पाण्याने मेण वाहून जातं खरं, पण पुढे नळीत थिजतं. मग कोमट असतानाच जुन्या वर्तमानपत्राने पुसा, मग साबण लावा. आणि कधी मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण उसळून उडतं. गॅस बंद करून वर झाकण टाका. ते झाकण मेण चढवण्याआधीच हाताशी ठेवलेलं असावं.

चौदा दिवस

सोया मेण वरून एका रात्रीत घट्ट दिसतं, पण आत स्फटिकांची रचना पुढेही बदलत राहते. दुसऱ्याच दिवशी पेटवलेली मेणबत्ती मऊ मेणामुळे भलत्या गतीने जळते आणि वासही फिका येतो. झाकण लावून, उन्हापासून दूर, दोन आठवडे ठेवा. मेणबत्ती न पेटवता तिचा जो वास येतो तो आणि पेटवल्यावर येणारा दरवळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरणी उघडताच भपकारा मारणारी मेणबत्ती पेटल्यावर गप्प असू शकते, आणि याच्या उलटही होतं.

चाचणी

हा सगळ्या लेखातला सर्वांत कामाचा भाग आहे. तिन्ही ग्लास एकाच खोलीत, पंखा आणि खिडकीचा झोत नसताना, हातभर अंतरावर पेटवा. चार तास जाळा. दर तासाला वहीत नोंदवा: वितळलेल्या मेणाचं तळं किती रुंद, किती खोल, ज्योत किती उंच, काठावर काजळी आहे का, वातीच्या टोकाला गुठळी झाली का. मग विझवा, पूर्ण थंड होऊ द्या, वात पुन्हा ५ मिलिमीटर करा आणि पुन्हा चार तास. ग्लास संपेपर्यंत हेच करायचं.

पहिल्या चार तासांत तळं काठापर्यंत पोचलं नाही, कडेला तीन-चार मिलिमीटरचं कडं राहिलं, तर घाबरू नका. ती बहुधा योग्य वात आहे. ज्योत जसजशी खाली उतरते तसतशी काच तापते आणि राहिलेलं कडं उत्तरार्धात वितळून जातं. उलट पहिल्याच तासात काठापासून काठापर्यंत तळं झालं तर नवशिका खूश होतो, पण तीच वात अर्ध्या ग्लासाखाली गेल्यावर काच धोकादायक तापवते. चांगल्या वातीचं तळं तीन-चार तासांनी ६ ते १२ मिलिमीटर खोल असतं आणि ज्योत अडीच ते चार सेंटिमीटर, स्थिर. काचेला बाहेरून कागदी टेपचा तुकडा लावा. काच चमकते, म्हणून त्या टेपवर नेम धरून काचेचं तापमान मोजा. इथे बंदुकीचं थर्मामीटर उपयोगी पडतं. ग्लास संपत आला असतानाही ७५ अंशांच्या वर आकडा गेला तर ती वात बाद.

वात बारीक असल्याची खूण म्हणजे विहीर: मध्ये खोल भोक आणि कडेला मेणाची जाड भिंत, तिसऱ्या पेटवणीनंतरही तशीच. वात जाड असल्याची खूण म्हणजे नाचणारी ज्योत, काळा काठ आणि टोकाला अळंबीसारखी गुठळी. ‘सोया मेणाला काजळी येत नाही’ असं जाहिरातीत छापलेलं असतं. ते खरं नाही. ज्योतीला मिळणाऱ्या इंधनाच्या मानाने हवा कमी पडली की कुठलंही मेण काजळी देतं.

काय बिघडतं आणि का

पांढरी बुरशी आल्यासारखे डाग पडले तर ती बुरशी नाही, मेणाचे स्फटिक आहेत. कढवलेलं तूप सावकाश थिजलं की रवाळ होतं, झटकन गार केलं की गुळगुळीत, तसाच हा स्निग्ध पदार्थाचा स्वभाव. दिवसा उष्ण आणि रात्री गार अशा खोलीत तो जास्त दिसतो. जळण्यावर किंवा वासावर काही परिणाम होत नाही. बिनरंगी मेणात तो लपतो, पहिल्या खेपेला रंग नको म्हणण्याचं हेही एक कारण. काचेवर ओल्यासारखे दिसणारे चट्टे म्हणजे मेणाने काच सोडलेली जागा. ग्लास कोमट करून ओतल्याने ते कमी होतात, पूर्ण जात नाहीत, आणि त्यांच्यामागे लागण्यात वेळ घालवू नये.

वातीजवळ खड्डा दिसला तर मात्र काडीने टोचून पाहा. आत पोकळी असू शकते, आणि ज्योत तिथे पोचली की मेण अचानक खाली जातं आणि ज्योत भडकते. हेअर ड्रायरने वरचा थर वितळवून पोकळी भरून घ्या. पुढच्या खेपेला पाच अंश कमी तापमानाला ओतून पाहा.

वास येतच नसेल तर सुगंध वाढवण्याआधी क्रमाने तपासा: चौदा दिवस झाले का, दोन मिनिटं ढवळलं का, तळं पुरेसं रुंद होतं का, खोली किती मोठी. सात सेंटिमीटरचा ग्लास छोट्या बेडरूमला पुरतो. मोठ्या दिवाणखान्यात त्याच्याकडून अपेक्षा करणं चुकीचं. शिवाय चार तास त्याच खोलीत बसलेल्या माणसाचं नाक त्या वासाला सरावतं. बाहेरून आलेल्या कुणाला तरी विचारा.

वरच्या थरावर तेलाचे थेंब उन्हाळ्यात येतात आणि गारव्यात परत मुरतात. हिवाळ्यातही आले तर सुगंध जास्त झाला आहे.

कुणाला ग्लास भेट देताना चार सूचना चिठ्ठीवर लिहून द्या: दर वेळी वात ५ मिलिमीटर कापा, चार तासांपेक्षा जास्त सलग जाळू नका, पंखा, पडदे आणि मुलांपासून दूर ठेवा, खोलीत कुणी नसताना पेटती ठेवू नका. तळाशी सव्वा सेंटिमीटर मेण उरलं की थांबायचं. त्याच्या खाली ज्योतीची उष्णता थेट काचेच्या तळाला लागते आणि ग्लास तडकू शकतो. उरलेलं मेण गरम पाण्याच्या भांड्यात ग्लास ठेवून सोडवा, चकती काढा, काच नीट तपासा, मग पुन्हा वापरा.

तीनपैकी एक वात पक्की झाली की दुसरा सुगंध आणायला हरकत नाही. मात्र त्याच मेणात, त्याच ग्लासात मोगऱ्याऐवजी व्हॅनिला घातली तरी चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल. प्रत्येक तेल मेणाला वेगळं दाट किंवा पातळ करतं, आणि वातीला ते ओढणं कमी-जास्त जड जातं. व्हॅनिलाच्या वासातला व्हॅनिलिन मेणाला हळूहळू पिवळट-तपकिरी करतो, तेही वहीत लिहून ठेवा.